दोन ठिकाणची माती

कोचकोर गावात बेशेनला पाहिलेले लोक कमी आणि ऐकलेले जास्त. बाजारामागे, कालव्याच्या अलीकडे जानीशचं गॅरेज होतं. तिथल्या खड्ड्यावर सदान्‌कदा एखादी गाडी उभी असायची आणि तिच्या पोटाखालून बेशेनचा आवाज यायचा. कुणाला चहा सांगायचा असो, कुणाची टर उडवायची असो, तो खालूनच बोलायचा. बाहेर आला की मात्र अंगाने बारका, डोळे मिचमिचे, भुवयांवर मातीचा थर असा एक साधा माणूस दिसायचा, आणि लोकांना वाटायचं, एवढा मोठा आवाज ह्याचाच का?

जानीश फिटर होता. सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणांवर परदेशी पाहुणे यायला लागले तशी गावातल्या प्रत्येकाला आपली जुनी गाडी दीड वीत उंच करून हवी होती. उंच स्प्रिंगा, जाड शॉकॉब्सर, मोठी चाकं. जानीशचा हात चांगला होता, पण त्याची एक अट असायची. "आधी बेशेनकडे," म्हणायचा. "त्याने खालून साफ करून दिल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. चिखलावर नवीन सामान बसवणं म्हणजे न धुतलेल्या पायावर नवे बूट."

बेशेनचं साफ करणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. पाण्याच्या जोराने माती आत शिरते आणि आत बसून लोखंड खाते, असं त्याचं म्हणणं. तो आधी कोरडं खरवडायचा, तेही पॉपलरच्या लाकडाच्या पाचरीने, लोखंडाला ओरखडा येऊ नये म्हणून. मग रॉकेलचा हात. मग तारेचा ब्रश. जुने नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तारेत ओवून रॉकेलच्या डब्यात सोडायचे. सांध्यांतले सडलेले रबरी बुश जाळून काढायचे, त्यांची घरं आतून गुळगुळीत करायची, परत वापरायचा प्रत्येक भाग पांढराशुभ्र घासून लाल रंगाचा एक हात द्यायचा. सामूहिक शेतीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर डेपोत होता. तिथला म्हातारा जर्मन मेकॅनिक सुटे भाग रुमालाने पुसून बघायचा आणि रुमाल काळा झाला तर एक अक्षर न बोलता भाग परत डब्यात टाकायचा. बेशेन तिथे सतरा वर्षं डब्यात हात घालून बसला. डेपो बंद पडला, जर्मन आपल्या देशी गेला, पण रुमालाची सवय बेशेनला लागली ती लागलीच.

आणि त्या मातीचं त्याला वेड होतं. कारा-केचेच्या खाणीची कोळशाची भुकटी, चोंग-तुझच्या मिठाचा गुलाबी पापुद्रा, बालिकचीच्या बाजूची तळ्याची वाळू, घाटातली तांबडी चिकण, सगळं तो बोटाने चोळून सांगायचा. लोकांना मजा वाटायची. दोलोत नावाचा एक टॅक्सीवाला होता, तोंडाने फटकळ. एकदा त्याची बायको त्याच्यासाठी जेवण घेऊन गॅरेजवर आली असताना बेशेन खालून ओरडला, "दोलोत, कोळसा आणायला गेला होतास ना रविवारी? मग गाडीखाली तळ्याची वाळू कशी रे? खाण हलली का तिकडे?" दोलोतच्या बायकोने जेवणाचा डबा उचलला आणि आल्या पावली परत गेली. आठवडाभर दोलोत बाजारात विकतचे समोसे खात होता. गावभर हसू झालं. पुढे महिनाभर जो येईल तो खड्ड्यात वाकून, थोरल्या भावाला मारतात तशी 'बैके' हाक मारत म्हणायचा, "बेशेन बैके, माझंही सांगा, पण हळू."

घरी त्याची बायको सोनुन दाबलेल्या लोकरीच्या नमद्याच्या सतरंज्या शिवायची. तिने ही गोष्ट ऐकली तेव्हा सुई न थांबवता म्हणाली, "हसले सगळे. ती बाई हसली का?"

बेशेनला तो प्रश्न आवडला नाही. त्याने चहाचा वाडगा पुढे केला आणि विषय बदलला.

कारीप हा बेशेनचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेत एका बाकावर बसलेले, एकाच थंडीत दोघांनी एकच जाड कोट आलटून पालटून घातलेला. कारीप घोड्यांचा माणूस. बोलणं कमी, चालणं सावकाश, पण घोड्याच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडायचा नाही. बाप गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ मेदेर सहा वर्षांचा होता. कारीपने त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न चार वर्षं पुढे ढकललं. बापाच्या घोड्या सांभाळल्या, वाढवल्या, आणि त्यातल्या किती कुणाच्या हे कधी बोलला नाही. मेदेर मोठा झाला, लग्न झालं, त्याला घोड्यांपेक्षा गाडीचा नाद. पाहुण्यांना सोन-कोलला घेऊन जायचं, उन्हाळाभर कमवायचं, असं त्याने मनाशी धरलं. तेव्हा कारीपने बापाच्या कळपातल्या घोड्या विकल्या, राजधानीजवळच्या गाड्यांच्या बाजारात गेला आणि एक मोठी जपानी जीप घेऊन आला. उजव्या हाताचं स्टिअरिंग, पांढरा रंग, आत बसलं की नव्या चामड्याचा वास.

"हा तुझा वाटा," त्याने मेदेरला सांगितलं. "अब्बाच्या घोड्या आता पेट्रोल पितील."

मेदेरने त्या दिवशी गाडी गावातून तीनदा फिरवली. तिसऱ्या फेरीला कारीप शेजारी बसला होता. हातात टोपी धरून, चेहरा सरळ ठेवून. पण जो त्याला ओळखत होता त्याला कळत होतं की हा माणूस आज सुखात आहे.

मे महिना होता. कुरणांचा रस्ता महिन्याभरात उघडणार म्हणून मेदेरने नव्या स्प्रिंगा आणि शॉकॉब्सर मागवले आणि गाडी जानीशकडे आणली. जानीशने नेहमीप्रमाणे खड्ड्याकडे बोट दाखवलं.

पहिले दोन दिवस बेशेनने नेहमीचं काम केलं. स्प्रिंगा उतरल्या, दांड्या उतरल्या, बोल्ट तारेत ओवले गेले. गाडीच्या खालच्या अंगाला काळा डांबरी लेप होता, गंज लागू नये म्हणून लावतात तसला, पण जरा जास्तच जाड. तिसऱ्या दिवशी सकाळी बेशेनने चासीच्या पोकळ दांड्यांच्या भोकांत तार घातली आणि आतली माती पांढऱ्या फडक्यावर काढली. पुढच्या टोकाची माती राखाडी, पिठासारखी. मागच्या टोकाला वाळू आली. मिठाची, जाडसर, आणि तिच्यात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा.

बेशेन थांबला. फडकं उजेडात धरलं. मग त्याने छोटी हातोडी घेऊन दांडा ठोकत ठोकत पुढून मागे नेला. मध्यावर, ड्रायव्हरच्या सीटखाली, आवाज बदलला. त्याने तिथला लेप तासला. वेळ लागला, लेप हाडासारखा कडक होता. खाली पत्र्याची पट्टी, घासून घासून सपाट केलेली, आणि पट्टीच्या कडेने वेल्डिंगची शिवण. दुसऱ्या दांड्यावर तशीच. वर पत्र्यातही तशीच, या दारापासून त्या दारापर्यंत.

अशा गाड्यांबद्दल त्याने ऐकलं होतं. तिकडे जपानात मधोमध कापतात, जकात वाचवायला सुटे भाग म्हणून बोटीत घालतात, आणि इकडे आणून कुठलाही पुढचा भाग कुठल्याही मागच्या भागाला जोडतात. पण इतकं सफाईचं काम त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि ते आपल्याला सापडलं. नुसत्या मातीवरून सापडलं. त्या क्षणी बेशेनच्या मनात कारीप नव्हता, मेदेर नव्हता. आपण केवढे हुशार, एवढंच होतं. हे त्याने पुढे स्वतःशी पुष्कळदा कबूल केलं.

"मेदेर, ए मेदेर!" तो खालून ओरडला. "खाली ये. गंमत दाखवतो तुला."

मेदेर खाली उतरला. त्याच्यामागे जानीश वाकला. दोलोत त्या दिवशी चाक दुरुस्तीला आला होता, तोही आला. मेदेरचा सासरा गाडी बघायला म्हणून आला होता, तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला.

"ही बघ पुढची माती. आगीच्या डोंगराची राख आहे राख. आणि ही मागची. समुद्राची वाळू. हा शिंपला. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन मुलुख कसे आले?"

"फिरली असेल गाडी दोन्हीकडे," मेदेर म्हणाला.

"फिरली असती तर दोन्ही टोकांना दोन्ही मिळालं असतं. ही तुझी गाडी नाहीच, मेदेर. ह्या दोन गाड्या आहेत." आणि त्याने शिवणीवर दिव्याचा उजेड पाडला, बाजारात जादूवाला फडकं दूर करतो तसा.

सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. दोलोतने शीळ घातली. "मग दोन नंबरप्लेटा लाव रे! पुढच्या गाडीत बायको बसव, मागच्या गाडीत सासू. भांडणच नको."

सासरा हसला नाही. त्याने विचारलं, "किती घोड्या गेल्या म्हणालास ह्या गाडीत?"

मेदेर दांड्याशी वाकला होता. बोट शिवणीवरून फिरवत होता. मग हळूच म्हणाला, "बेशेन बैके, कारीप बैकेला हे ठाऊक असेल?"

उत्तर सरळ होतं. सतरा वर्षं डेपोत आणि पुढची सगळी वर्षं खड्ड्यात घालवलेल्या माणसाला पाचर, तार आणि हातोडी घेऊन तीन दिवस लागले. बाजारात उभ्या उभ्या गाडी बघणाऱ्याला कुठून कळणार? बेशेनच्या तोंडात हेच यायला हवं होतं. पण चार माणसं त्याच्याकडे बघत होती, दोलोत अजून हसत होता, आणि बेशेनच्या जिभेवर दुसरंच काही आलं.

"कारीपला?" तो म्हणाला. "अरे, घोडी घेताना तो तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. गाडीच्या पोटाखाली न वाकताच घरी आला असेल होय?"

दोलोत खदखदून हसला. जानीशही हसला. सासऱ्याने मान हलवली, आपल्याला जे वाटलं होतं तेच निघालं अशी. मेदेर खड्ड्यातून वर चढला आणि टोपी न घेताच निघून गेला.

जानीशने हात पुसत सांगितलं, "ह्याच्यावर मी उंच स्प्रिंगा बसवणार नाही. घाटात मधूनच उघडेल पुस्तकासारखी." गाडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच कारीप येऊन बसला होता. लाकडी खोक्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून. बेशेनने सलाम केला. कारीपने उत्तर दिलं, पण हात पुढे केला नाही.

"दाखव," तो म्हणाला.

बेशेनने दाखवलं. कारीपने खाली उतरून शिवण पाहिली, फडक्यावरची वाळू पाहिली. त्याला त्यातलं फारसं कळलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुला किती दिवस लागले?"

"तिसऱ्या दिवशी सापडलं."

"हत्यारं घेऊन."

"हत्यारं घेऊन."

"मग मला बाजारात कळायला हवं होतं का हे?"

"नाही रे," बेशेन म्हणाला. "तुला कसं कळणार? जानीशलाही कळलं नसतं."

"हे काल म्हणालास?"

बेशेन फडक्याची घडी घालायला लागला.

"मला आत्ता सांगतोयस," कारीप म्हणाला. "काल जे इथे होते, ते आज कुठे आहेत?" त्याने आवाज चढवला नाही. तो कधीच चढवायचा नाही. "मेदेर काल संध्याकाळी माझ्याकडे आला होता. त्याचा सासरा होता बरोबर. ते काय बोलले ते जाऊ दे. तू चल माझ्याबरोबर. आत्ता मला म्हणालास तेवढंच त्याच्यासमोर म्हण. त्याच्या सासऱ्यासमोरही म्हण."

बेशेनचे हात रॉकेलने भरले होते. खड्ड्यावर दुसरी गाडी यायची होती. आणि काल जे आपण हसत हसत बोललो ते आज मान खाली घालून परत घ्यायचं, सासऱ्याच्या तोंडाकडे बघत, हे त्याला नको वाटलं.

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "एवढं उरकतो आणि संध्याकाळी येतो. नक्की."

कारीपने उठून खोकं भिंतीला सारलं. मग गेला.

संध्याकाळी बेशेन निघालाही होता. हात धुतले, स्वच्छ टोपी घातली, सोनुनला सांगितलं. कालव्यापर्यंत गेला; कारीपचं घर पुलापलीकडेच होतं. तिथून मेदेरचं अंगण दिसायचं. अंगणात तीन-चार गाड्या उभ्या होत्या, सासऱ्याकडची मंडळी जमली होती, मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं. बेशेन पुलाच्या कठड्याशी उभा राहिला. आता एवढ्या लोकांत कुठे जायचं, उद्या सकाळी मेदेरला एकट्याला गाठू, तेच बरं. असं मनाशी म्हणून तो परत फिरला.

"झालं बोलणं?" सोनुनने विचारलं.

"गर्दी होती."

"गर्दीतच बोलला होतात ना आधी?"

सकाळी तो मेदेरकडे गेला तेव्हा अंगणात घोडे बांधलेले होते. कारीपचे स्वतःचे. पहाटेच त्याने आणून बांधले होते, बापाच्या जेवढ्या विकल्या तेवढे, आणि वर त्याचा स्वतःचा चढायचा लाल घोडा. मेदेर दारात उभा होता, केस विस्कटलेले.

"एक शब्द बोलला नाही," मेदेर म्हणाला. "बांधले आणि गेला."

बेशेनने बोलायला तोंड उघडलं. पण घोड्यांकडे पाहिल्यावर त्याला आपल्या बोलण्याची लाज वाटली. "तुझ्या बैकेला ठाऊक नव्हतं," असं एक वाक्य आता म्हणायचं, आणि समोर हे सगळे घोडे. तो म्हणाला, "चांगले घोडे आहेत." आणि परत आला.

पुढचं भराभर झालं. कारीप त्या वर्षी कुरणावर गेला नाही. गावात मात्र बेशेनचं वाक्य जिवंत राहिलं. कुणी फसवलं की लोक म्हणायचे, "कोपरापर्यंत हात घालून बघितलंस ना?" लहान पोरंही म्हणायला लागली. कारीप बाजारात आला की बोलणं थांबायचं आणि तो गेला की सुरू व्हायचं. पोरक्या भावाच्या वाट्याला जाणूनबुजून स्वस्तातली कापलेली गाडी दिली आणि वरचे पैसे ठेवले, असंच सगळे धरून चालले होते. शरदात कारीपने घर विकलं आणि तो तलासला मुलीच्या सासरच्या गावी राहायला गेला. घोड्यांचा माणूस तिथे राजम्याच्या शेतात मजुरी करतो, असं कुणीतरी येऊन सांगितलं. निघताना तो बेशेनला भेटला नाही. बेशेनही त्या दिवशी खड्ड्यातून वर आला नाही. गॅरेजवरून सामानाची गाडी गेली, त्याने आवाज ऐकला. इंजिनाचा एक पिस्टन ठोकत होता, तेवढं त्याच्या लक्षात राहिलं.

ती जीप मेदेरने सुट्या भागांत विकली. गावातले शहाणे लोक बेशेनला म्हणायचे, "तू नसतास तर तो पोरगा पाहुण्यांसकट दरीत गेला असता." सोनुनही एकदा म्हणाली. ते खरंच होतं. सांगायला हवंच होतं, ह्याबद्दल बेशेनच्या मनात कधी शंका आली नाही. पण तो समाधानाचा घास त्याच्या घशाखाली उतरायचा नाही. एका वाक्यात जे सांगून संपलं असतं त्याला त्याने दुसरं वाक्य जोडलं होतं, आणि त्या दुसऱ्या वाक्याची कुणालाच गरज नव्हती.

खड्ड्यातला आवाज हळूहळू कमी झाला. कुणी म्हणालं, "बैके, सांगा ना माझी गाडी कुठे गेली होती?" तर तो म्हणायचा, "माती सगळी सारखीच." काही वाईट सापडलं, चीर असो, गंजलेला सांधा असो, तर तो वर यायचा, हात पुसायचा, मालकाला कालव्यापर्यंत घेऊन जायचा आणि आधी म्हणायचा, "हे वरून कुणालाच दिसलं नसतं. ज्याने दिली त्यालाही नाही." आणि मग काय ते सांगायचा. जानीशला ह्या सोपस्काराचा कंटाळा यायचा. "अरे, बुश सडलाय हे सांगायला अर्धा मैल कशाला चालतोस?" बेशेन परत खड्ड्यात उतरायचा.

दरवर्षी तो ठरवायचा, यंदा तलासला जायचं. दरवर्षी काही ना काही निघायचं. गुडघा दुखायचा, सोनुनच्या सतरंज्या न्यायच्या असायच्या, घाट बंद असायचा. अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या उन्हाळ्यात सोनुनने त्याची पिशवी भरली, कुरुत म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या बांधून दिल्या आणि स्वतः जाऊन गाडीत जागा धरून आली. "आज घाट उघडा आहे," ती म्हणाली. "गुडघा बसून दुखत नाही."

चाएक, सुसामीर, मग ओत्मोकचा घाट. तलासला पोचायला संध्याकाळ झाली. कारीप अंगणात राजम्याच्या शेंगा पसरत होता. पाठीत वाकला होता, दाढी पूर्ण पांढरी. त्याने बेशेनला ओळखलं, दोन्ही हातांनी हात धरला, आत नेलं, जावयाला मेंढी कापायला सांगितली. बेशेन नको नको म्हणत राहिला. जेवण झालं, कोचकोरची चौकशी झाली, कोण गेलं, कुणाला नातू झाला. सकाळी दोघं शेताच्या बांधावर बसले तेव्हा बेशेनने सांगितलं. सगळं सांगितलं. पुलापर्यंत आलो होतो हेही सांगितलं.

कारीपने ऐकून घेतलं.

"पुलापर्यंत आला होतास," तो म्हणाला. "हे मला माहीत नव्हतं."

"तिथून परत गेलो."

"मी घरात बसून होतो त्या संध्याकाळी. बायकोने दोनदा चहा गरम केला. म्हटलं, बेशेन येईल, मग एकदमच पिऊ." त्याने एक शेंग सोलली, दाणे हातावर घेतले. "मी तुझ्यावर रागावलेलो नाही. होतो, बरीच वर्षं होतो. आता नाही. पण तू आज जे सांगतोयस ना, ते मला नको होतं रे. मला ठाऊकच होतं मला ठाऊक नव्हतं म्हणून. ते त्याला सांगायला हवं होतं."

"आता सांगतो."

"सांग," कारीप म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. "इतक्या लांब आलास, बरं केलंस."

बेशेन परतला तो सरळ मेदेरकडे गेला. मेदेर आता चाळिशीला आला होता, कुरणावर त्याचे तंबू होते, नोकर होते. त्याने बेशेनला मानाच्या जागी बसवलं. बेशेनने बोलायला सुरुवात केली आणि मेदेरने मध्येच हात वर केला.

"बैके, मला आठवड्यातच कळलं होतं. जानीशने सांगितलं. म्हणाला, बेशेनसारख्याला तीन दिवस लागले, तिथे तुझ्या भावाची काय कथा."

"मग?" बेशेन पुढे सरकला. "मग तू गेला का नाहीस?"

मेदेरने हातातला वाडगा खाली ठेवला. "त्या संध्याकाळी मी त्याला काय बोललो ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणालो, तू भाऊ कसला, माझ्या बापाचा गुराखी होतास, आणि गुराख्याने चोरी केली. सासरे बाजूला होते. त्यांनी शाबासकीची मान हलवली. कारीप बैके तेव्हा मला म्हणाला, बेशेनला विचार, उद्या तो येऊन सांगेल." मेदेरने नाक पुसलं. "तुम्ही आला असतात तर मी त्याच्या पायाच पडलो असतो. मला निमित्तच हवं होतं. पण तुम्ही आला नाहीत, घोडे आले. त्या घोड्यांपुढे काय तोंड घेऊन जायचं होतं?"

बेशेनने टोपी उचलली. बाहेर मेदेरची बायको गायीला हाकारत होती.

त्याच शरदात मेदेर तलासला गेला. परत आला तेव्हा गॅरेजवर आला आणि खड्ड्याच्या काठावर बसला. बेशेन काम थांबवून वर आला.

"कारीप बोलला?"

"बोलला की. छान बोलला. जेवू घातलं, माझ्या पोरांची नावं विचारून घेतली. राजम्याचं पोतं गाडीत टाकलं." मेदेर हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. "शेजारचा माणूस आला होता चहाला. त्याने विचारलं, पाहुणे कोण? बैके म्हणाला, हे आमच्या कोचकोरकडचे. माझ्या हातात वाडगा होता. मी पीत राहिलो."

बेशेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात रॉकेलचा होता, मेदेरच्या कोटावर डाग पडला. मेदेरने तो पुसला नाही.

आता वर्षातून एकदा, नोरुझला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, मेदेर तलासला फोन लावतो. घोड्यांची चौकशी होते, पावसाची होते. बेशेन जवळपास असला तर मेदेर शेवटी फोन त्याच्या हातात देतो.

"कसा आहेस?" पलीकडून कारीप विचारतो.

"बरा आहे. तू?"

"बरा आहे."

मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला लावून थांबतात, आणि मेदेर खिडकीकडे जाऊन उभा राहतो.